लिनक्सवर फॉन्ट बसवला, पण जुन्या प्रोग्रॅमला दिसेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. कमांड, फाइलींची नावं आणि फोल्डरांचे पत्ते इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायचे. अक्षरं सगळी लहान. "एक्स११" हे फोल्डर, "एक्सरिसोर्सेस" ही फाइल, एक्सऑर्गची लॉग फाइल आणि एसएसएचपुढचं "-एक्स" यांतला एक्स तेवढा मोठा. "एमके", "एफसी", "एफपी" असं जिथे आहे तिथे ती सुटी रोमन अक्षरं समजावीत, मध्ये जागा न सोडता.

फॉन्ट बसवला. लिबरऑफिसमध्ये दिसतो, ब्राउझरमध्ये दिसतो. मग जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत का नाही?

कारण लिनक्सच्या डेस्कटॉपवर फॉन्टचे दोन कारभार चालतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

नव्या पद्धतीत प्रोग्रॅम स्वतः फॉन्टची फाइल उघडतो. कोणती फाइल कुठे आहे हे त्याला फॉन्टकॉन्फिग सांगतं, अक्षराचं चित्र फ्रीटाइप तयार करतं आणि एक्स सर्व्हरकडे (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) जातं ते तयार चित्र. गेल्या वीसेक वर्षांतले बहुतेक सगळे प्रोग्रॅम असेच चालतात.

जुनी पद्धत एक्स११ (एक्स प्रणालीची आजही चालणारी आवृत्ती) इतकीच जुनी, म्हणजे १९८७ पासूनची. तीत प्रोग्रॅम कुठलीही फाइल उघडत नाही. तो एक्स सर्व्हरला नुसतं एक नाव सांगतो: "हा फॉन्ट दे." सर्व्हर आपल्याकडच्या फोल्डरांच्या यादीत ते नाव शोधतो आणि अक्षरंही स्वतःच काढतो. या यादीला फॉन्ट पाथ म्हणतात आणि या फॉन्टांना कोअर फॉन्ट. फॉन्टकॉन्फिगला काय ठाऊक आहे याची सर्व्हर चौकशीही करत नाही. म्हणून "एफसी-कॅश" (फॉन्टकॉन्फिगची यादी ताजी करणारी कमांड) शंभरदा चालवलात तरी जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत एका नावाचीही भर पडत नाही. लोकांचा सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो.

माझा प्रोग्रॅम कोणत्या गटातला, हे कसं ओळखायचं?

त्याच्या बायनरीवर ही कमांड चालवा:

एलडीडी /यूएसआर/बिन/प्रोग्रॅमचं-नाव

यादीत "लिबएक्सएफटी" किंवा "लिबफॉन्टकॉन्फिग" दिसलं तर तो नव्या पद्धतीचे फॉन्ट वापरू शकतो. नुसतं "लिबएक्स११", "लिबएक्सटी", "लिबएक्सएडब्ल्यू" किंवा "लिबएक्सएम" असेल तर गडी जुन्या गटातला. "वापरू शकतो" म्हणजे "वापरतोच" असं नव्हे. एक्सटर्म या जुन्या टर्मिनल प्रोग्रॅमला दोन्ही पद्धती येतात: "-एफएन" दिलं की कोअर फॉन्ट, "-एफए" दिलं की नवे. मोटिफच्या (बटणं-मेनू पुरवणाऱ्या जुन्या लायब्ररीच्या) अलीकडच्या आवृत्त्याही दोन्ही जाणतात, पण प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जुनं नाव लिहिलेलं असेल तर जुनीच वाट धरतात.

अथेना, मोटिफ, जीटीके, टीके या सगळ्या अशाच लायब्ररी. ढोबळ मानाने अथेना आणि मोटिफवर बांधलेले प्रोग्रॅम, जीटीके १.२ च्या काळातले प्रोग्रॅम आणि टीके ८.४ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवरच्या स्क्रिप्ट जुन्या गटात येतात. टीकेला नवी पद्धत ८.५ मध्ये, २००७ साली मिळाली. एखादी टीसीएल स्क्रिप्ट एका मशीनवर छान आणि दुसऱ्यावर करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल तर आधी टीकेची आवृत्ती पाहा.

प्रोग्रॅम स्टॅटिक जोडलेला (म्हणजे लायब्ररी त्याच्या पोटातच) असेल तर एलडीडीचा उपयोग नाही. मग तो टर्मिनलमधून सुरू करा आणि इशारे वाचा. "कॅनॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग … टू टाइप फॉन्टस्ट्रक्ट" असा इशारा आला की शंका ठेवू नका, तो कोअर फॉन्टच मागतोय. अवतरणात जे लांबलचक नाव छापलेलं असतं ते टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग फॉन्ट दिसायला नेमकं काय करायचं?

फॉन्ट एका सपाट फोल्डरमध्ये, त्या फोल्डरमध्ये "फॉन्ट्स.डिर" नावाची सूची आणि ते फोल्डर सर्व्हरच्या फॉन्ट पाथमध्ये. तिन्ही जमलं की फॉन्ट दिसतो, एक चुकलं की नाही.

डेबियन आणि उबुंटूत तीन पॅकेजं हवीत. "एक्सफॉन्ट्स-यूटिल्स"मध्ये सूची बनवणारी अवजारं आहेत, "एक्स११-एक्ससर्व्हर-यूटिल्स"मध्ये एक्ससेट आणि "एक्स११-यूटिल्स"मध्ये एक्सएलएसफॉन्ट्स, एक्सफॉन्टसेल, एक्सएफडी. फेडोरात याच कमांडांच्या नावाची छोटी छोटी पॅकेजं आहेत.

फोल्डर बनवून फॉन्ट त्यात टाका:

सुडो एमकेडिर -पी /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/कोअर
सुडो सीपी *.टीटीएफ /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/कोअर

फोल्डरची परवानगी ७५५, फाइलींची ६४४. ही जागा फॉन्टकॉन्फिगच्याही नजरेतली आहे, त्यामुळे एकाच प्रतीवर दोन्ही कारभार भागतात.

आता त्या फोल्डरमध्ये जाऊन सूची बनवा. क्रम हाच ठेवा:

सुडो एमकेफॉन्टस्केल
सुडो एमकेफॉन्टडिर

पहिली कमांड टीटीएफ, ओटीएफ आणि टाइप १ फॉन्ट वाचून "फॉन्ट्स.स्केल" लिहिते. दुसरी त्यात बिटमॅप (ठिपक्यांनी बनलेल्या, ठरावीक आकाराच्या) फॉन्टांची भर घालून "फॉन्ट्स.डिर" लिहिते. सर्व्हर वाचतो ती दुसरी फाइल. उलट क्रमाने चालवलंत तर "फॉन्ट्स.डिर" रिकामी किंवा शिळी राहते. "फॉन्ट्स.डिर"ची पहिली ओळ म्हणजे फॉन्टांच्या नोंदींची संख्या, तिथे शून्य दिसलं तर पुढे जाऊच नका.

शेवटी सर्व्हरला कळवा आणि खात्री करा:

एक्ससेट +एफपी /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/कोअर
एक्ससेट एफपी रीहॅश
एक्सएलएसफॉन्ट्स | ग्रेप -आय डेजावू

अधिक चिन्ह आधी असेल तर फोल्डर यादीच्या सुरुवातीला जातं, "एफपी+" असं नंतर असेल तर शेवटी. हा फरक नुसता दिखाऊ नाही. एकाच नावाचे दोन फॉन्ट असतील तर यादीत आधी असलेला मिळतो. मग जुना प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. यातले बहुतेक प्रोग्रॅम फॉन्टांची यादी सुरू होतानाच एकदा वाचतात.

सगळं केलं तरी यादीत काही फॉन्ट गळतात. का?

बहुधा पुढच्यांपैकी एक कारण असतं.

फाइलच्या नावात मोकळी जागा आहे. "फॉन्ट्स.डिर"च्या ओळीत पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत फाइलचं नाव आणि पुढे फॉन्टचं नाव अशी वाटणी असते. "मायफॉन्ट बोल्ड.टीटीएफ" अशी फाइल असली की सर्व्हर "मायफॉन्ट" नावाची फाइल शोधत बसतो. जागेऐवजी आडवी रेघ टाका आणि सूची पुन्हा बनवा.

फॉन्ट आतल्या फोल्डरमध्ये आहे. फॉन्टकॉन्फिग फोल्डराच्या पोटातल्या फोल्डरांत उतरतं, एक्स सर्व्हर उतरत नाही. प्रत्येक फोल्डरला वेगळी सूची आणि फॉन्ट पाथमध्ये वेगळी नोंद लागते. सोपा उपाय म्हणजे एका सपाट फोल्डरमध्ये सगळ्यांचे सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे) करून तिथे सूची बनवणं.

फाइल टीटीसी आहे, म्हणजे एका फाइलमध्ये अनेक फॉन्ट. एमकेफॉन्टस्केल सहसा त्यातल्या पहिल्याचीच नोंद करतं. दुसरा हवा असेल तर "फॉन्ट्स.स्केल"मध्ये स्वतः ओळ लिहून फाइलच्या नावाआधी ":१:" लावायचं, मोजणी शून्यापासून.

फाइल वेबफॉन्ट आहे. डब्ल्यूओएफएफ कोअर पद्धतीत चालत नाही. मूळ टीटीएफ मिळवा.

एक्ससेट म्हणतं, "बॅड फॉन्ट पाथ एलिमेंट". आता?

तक्रारीच्या खालीच ते संभाव्य कारणंही छापतं, फक्त कोणी वाचत नाही. फोल्डर नाही किंवा सर्व्हरला ते वाचता येत नाही, फोल्डरमध्ये "फॉन्ट्स.डिर" नाही, किंवा पत्त्याची मांडणी चुकली. दहातल्या नऊ वेळा "फॉन्ट्स.डिर" नसते, कारण एमकेफॉन्टडिर भलत्याच फोल्डरमध्ये उभं राहून चालवलेलं असतं.

फेडोरासारख्या एसईलिनक्स (जादा सुरक्षा यंत्रणा) चालू असलेल्या मशीनवर घरच्या फोल्डरातून "एमव्ही" करून आणलेल्या फाइलींना जुनं लेबल चिकटून राहतं. परवानग्या ठीक दिसतात आणि तरी सर्व्हरला फाइल उघडत नाही. "सुडो रीस्टोरकॉन -आर" आणि फोल्डरचा पत्ता, एवढं पुरतं.

फॉन्टचं हे लांबलचक नाव वाचायचं कसं?

त्याला एक्सएलएफडी म्हणतात. एक नमुना घेऊ:

-अडोबी-टाइम्स-मीडियम-आर-नॉर्मल--१७-१२०-१००-१००-पी-८४-आयएसओ८८५९-१

आडव्या रेघांनी वेगळे केलेले १४ रकाने आहेत. निर्माता, कुटुंब, जाडी, तिरकेपणा ("आर" म्हणजे सरळ, "आय" म्हणजे इटॅलिक, "ओ" म्हणजे नुसता कललेला), रुंदी, मग जादा शैलीचा रकाना, जो इथे रिकामा आहे म्हणून दोन रेघा लागून आल्यात. पुढे पिक्सेलमधली उंची १७. पॉइंटमधली उंची दशांशात, म्हणजे १२० हे १२ पॉइंट. आडवं आणि उभं रिझोल्यूशन १००. अंतर ("पी" म्हणजे अक्षरागणिक वेगळं, "एम" आणि "सी" म्हणजे सगळ्यांना सारखं). सरासरी रुंदी पिक्सेलच्या दशांशात. आणि शेवटचे दोन रकाने मिळून संकेतप्रणाली.

टीटीएफसाठी बनलेल्या नावात उंचीपासून सरासरी रुंदीपर्यंतचे आकडे शून्य असतात (अंतराचा रकाना सोडून). त्याचा अर्थ "मागाल तो आकार". एमकेफॉन्टस्केलला निर्माता ओळखता आला नाही तर तिथे "मिस्क" लिहिलं जातं. त्यामुळे डेजावू सॅन्स मोनो १६ पिक्सेलमध्ये हवा असेल तर असं मागायचं:

एक्सटर्म -एफएन '-मिस्क-डेजावू सॅन्स मोनो-मीडियम-आर-नॉर्मल--१६-*-*-*-एम-*-आयएसओ१०६४६-१'

कुटुंबाच्या नावात मोकळ्या जागा चालतात, पण मग अवतरणचिन्हं विसरायची नाहीत. ताऱ्याचा अर्थ "काहीही चालेल". पाठ करण्याची गरज नाही: एक्सफॉन्टसेल उघडा, रकान्यांवर टिचकी मारत नाव जमवा, "सिलेक्ट" दाबा आणि मधलं बटण दाबून टर्मिनलमध्ये चिकटवा. दिसायला पुराणा आहे, पण या कामात त्याच्या तोडीचं काही नाही.

प्रोग्रॅममध्ये फॉन्ट निवडायची सोयच नाही. तो कायम "अडोबी-टाइम्स" मागतो.

दोन वाटा आहेत.

प्रोग्रॅम एक्स रिसोर्स (बाहेरच्या फाइलीतून मिळणारी सेटिंग) मानत असेल, आणि अथेना किंवा मोटिफवरचे बहुतेक मानतात, तर घरच्या फोल्डरमधल्या ".एक्सरिसोर्सेस" फाइलमध्ये ओळ लिहा. अथेनासाठी प्रोग्रॅमचं नाव, तारा, "फॉन्ट", अपूर्णविराम आणि एक्सएलएफडी. मोटिफसाठी "फॉन्ट"च्या जागी "फॉन्टलिस्ट", ज्यातला मधला एल मोठा. मग "एक्सआरडीबी -मर्ज" देऊन ती फाइल भरा. नाव नेमकं काय लिहायचं ते "ॲपरेस" किंवा "एडिटरेस" सांगतात.

प्रोग्रॅम काहीच ऐकत नसेल तर तो मागतो त्याच नावाने दुसरा फॉन्ट हजर करायचा. "फॉन्ट्स.अलायस" फाइलमध्ये डावीकडे मागितलेलं नाव आणि उजवीकडे खरं नाव लिहिता येतं, पण तिथे प्रत्येक आकारासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. १०, १२, १४, १८, २४ असं करता करता फाइल मारुतीच्या शेपटासारखी वाढते. त्यापेक्षा "फॉन्ट्स.स्केल"मध्येच त्या फाइलीची दुसरी नोंद करा:

लिबरेशनसेरिफ-रेग्युलर.टीटीएफ -अडोबी-टाइम्स-मीडियम-आर-नॉर्मल--०-०-०-०-पी-०-आयएसओ८८५९-१

एकाच फाइलीच्या हव्या तितक्या नावांनी नोंदी चालतात, आणि शून्यांमुळे सगळे आकार मिळतात. फाइलचं नाव डिस्कवर आहे तसंच, लहानमोठ्या अक्षरांसकट लिहा. पहिल्या ओळीतली संख्या एकाने वाढवा, नाहीतर शेवटची ओळ वाचली जाईलच असं नाही. त्यानंतर नुसतं एमकेफॉन्टडिर चालवायचं. एमकेफॉन्टस्केल पुन्हा चालवलंत की तुमची ओळ पुसली गेलीच म्हणून समजा. म्हणून या ओळींची प्रत बाजूला ठेवा. आणि फोल्डर "+एफपी"ने यादीच्या सुरुवातीला लावा, नाहीतर ७५ किंवा १०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपके) फोल्डरमधला मूळ बिटमॅप टाइम्स आधी पकडला जाईल.

लिबरेशन फॉन्ट इथे मुद्दाम सुचवला आहे. त्याच्या अक्षरांच्या रुंदी टाइम्स न्यू रोमनशी जुळतात. भलताच रुंद फॉन्ट लावला की जुन्या मोटिफ खिडक्यांतली बटणं एकमेकांवर चढतात, कारण त्यांची मापं पिक्सेलमध्ये ठरवून टाकलेली असतात.

आणि हो, एवढा खटाटोप करण्याआधी डेबियन-उबुंटूत "एक्सफॉन्ट्स-७५डीपीआय" आणि "एक्सफॉन्ट्स-१००डीपीआय" ही पॅकेजं टाकून पाहा. ती आपोआप आलेली असतीलच असं नाही, आणि जुन्या प्रोग्रॅमांना लागणारे अडोबीचे टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर त्यांतच आहेत. अनेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

लॉगआउट केलं की फॉन्ट पुन्हा गायब होतात.

एक्ससेटने केलेला बदल सर्व्हर चालू असेतोवरच टिकतो. तो दर वेळी आपोआप व्हावा म्हणून एक्ससेटच्या ओळी ".एक्सप्रोफाइल"मध्ये टाका (डेबियनवर ".एक्ससेशनआरसी"ही चालते).

सगळ्या वापरकर्त्यांसाठी हवं असेल तर फेडोरात फार सुटसुटीत सोय आहे: /ईटीसी/एक्स११/फॉन्टपाथ.डी या फोल्डरमध्ये आपल्या फॉन्ट फोल्डरचा सिमलिंक टाकला की झालं.

इतरत्र /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी मध्ये ".कॉन्फ"ने संपणारी फाइल करा आणि "फाइल्स" या विभागात "फॉन्टपाथ"च्या ओळी लिहा. इथे एक खड्डा आहे. एक जरी "फॉन्टपाथ" लिहिलात तरी सर्व्हरची अंगभूत यादी बाजूला पडते. म्हणून आधी "एक्ससेट क्यू" चालवून चालू यादी पाहा, ती सगळी तशीच लिहा, "बिल्ट-इन्स" शेवटी ठेवा आणि त्याच्या आधी आपली भर घाला. यादीतल्या काही फोल्डरांपुढे ":अनस्केल्ड" दिसेल. त्याचा अर्थ इथले बिटमॅप ताणू नका, आहेत त्याच आकारात द्या. तो शब्द काढू नका.

काही नाकारलं गेलं तर सर्व्हर लॉगमध्ये स्पष्ट लिहितो: अमुक फोल्डरमध्ये "फॉन्ट्स.डिर" सापडली नाही, नोंद फॉन्ट पाथमधून काढून टाकली. लॉग /व्हीएआर/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग इथे असतो. सर्व्हर रूट म्हणून चालत नसेल तर घरच्या फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/एक्सऑर्ग या फोल्डरमध्ये पाहा.

प्रोग्रॅम ऑफिसच्या सर्व्हरवर आहे, मी एसएसएच -एक्सने चालवतो. फॉन्ट कुठे बसवायचा?

इथे जाणकारही फसतात. एक्सच्या भाषेत "सर्व्हर" म्हणजे ज्याच्या पडद्यावर खिडकी उमटते ते मशीन, म्हणजे तुमचा लॅपटॉप. कोअर फॉन्ट तोच पुरवतो. तेव्हा ऑफिसच्या मशीनवर कितीही फॉन्ट टाकलेत तरी जुन्या प्रोग्रॅमला ते मिळणार नाहीत. ते तुमच्यापुढच्या मशीनवर बसवायचे. नव्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांचं बरोबर उलटं: ते जिथे चालतात तिथलीच फॉन्ट फाइल वाचतात.

गंमत अशी की एसएसएचमधून "एक्ससेट क्यू" चालवलंत तर यादी तुमच्या लॅपटॉपची दिसते. तिथूनच "एक्ससेट +एफपी" देऊन ऑफिसच्या मशीनवरचं फोल्डर लावायला गेलात तर "बॅड फॉन्ट पाथ", कारण तो पत्ता लॅपटॉपच्या डिस्कवर शोधला जातो आणि तिथे तो नसतो.

व्हीएनसीत (दूरच्या मशीनचा अख्खा पडदा पाहण्याच्या पद्धतीत) गोष्ट वेगळी. तिथे एक्सव्हीएनसी हाच एक्स सर्व्हर आणि तो दूरच्या मशीनवर चालतो, म्हणून फॉन्टही तिथेच. त्याला सुरू करताना "-एफपी" देऊन पूर्ण यादी देता येते. विंडोजवरच्या एक्स सर्व्हरांत, उदाहरणार्थ एक्समिंगमध्ये, जुने बिटमॅप फॉन्ट वेगळ्या इन्स्टॉलरमधून टाकावे लागतात.

मी वेलँडवर आहे. हे सगळं लागू पडतं का?

वेलँड ही एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत. जुने प्रोग्रॅम वेलँडवर एक्सवेलँडच्या आत चालतात आणि एक्सवेलँड हा खराखुरा एक्स सर्व्हरच आहे. एक्ससेट, एक्सएलएसफॉन्ट्स, फॉन्ट पाथ सगळं तसंच. दोन फरक ध्यानात ठेवा. एक्सऑर्ग.कॉन्फ.डी मधल्या फाइली एक्सवेलँड वाचत नाही. आणि काही डेस्कटॉप त्याला गरजेपुरतंच सुरू करतात. तो बंद होऊन पुन्हा उठला की एक्ससेटचा बदल गेला. म्हणून लॉगिनच्या वेळी एक्ससेट करून भागेल असं धरू नका. जुन्या प्रोग्रॅमसाठी चार ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहा: आधी एक्ससेट, मग रीहॅश, मग प्रोग्रॅम. मेनूतला आयकॉन त्या स्क्रिप्टकडे वळवा.

मराठी दिसेल का?

अक्षरं दिसतील, मराठी दिसणार नाही.

फॉन्टच्या नावाच्या शेवटी "आयएसओ१०६४६-१" असेल तर देवनागरीचा युनिकोड पट्टा, दशमान मोजणीत २३०४ ते २४३१, सर्व्हरला मिळतो. खात्री करायला:

एक्सएफडी -स्टार्ट २३०४ -एफएन '-*-फॉन्टचं कुटुंब-*-*-*--२४-*-*-*-*-*-आयएसओ१०६४६-१'

चौकोनांत अ, आ, क, ख ओळीने मांडलेले दिसतील. पण कोअर पद्धतीत एका संकेताला एकच आकृती असते. जोडाक्षर बनवणं, वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणं, रफार माथ्यावर चढवणं ही कामं फॉन्टमधल्या ओपनटाइप तक्त्यांची, आणि कोअर पद्धत ते तक्ते उघडतच नाही. परिणामी "किल्ला" लिहिलंत तर क, त्याच्यामागे वेलांटी, मग ल, सुटा हलन्त, पुन्हा ल, काना अशी रांग लागते. "क्ष" फुटतो, "ऱ्या"तला अर्धा र ओळखू येत नाही. फॉन्ट कितीही चांगला घ्या, फरक पडत नाही. एक्सटर्मला "-एफए" देऊनही जोडाक्षरं जमत नाहीत, कारण एक्सटर्म स्वतःच ते काम करत नाही. टर्मिनलमध्ये मराठी वाचायची असेल तर कॉन्सोल किंवा एमएलटर्म घ्या.

युनिकोड येण्याआधीचे ८-बिट मराठी फॉन्ट मात्र इथे अनपेक्षितपणे चालतात. श्रीलिपी, शुषा यांसारख्या फॉन्टांत अर्धी अक्षरं, काने, वेलांट्या हे सगळे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि मजकूर दिसण्याच्या क्रमाने साठवलेला असतो. जुळणी आधीच झालेली असल्यामुळे सर्व्हरला डोकं चालवावं लागत नाही. फक्त "फॉन्ट्स.डिर"मध्ये त्या फॉन्टच्या नावाचे शेवटचे दोन रकाने काय आलेत ते पाहा आणि प्रोग्रॅमला तेच नाव द्या. काही फॉन्ट "आयएसओ८८५९-१"ऐवजी चिन्हांच्या फॉन्टांत जमा होतात आणि मग लॅटिन फॉन्ट मागणाऱ्या प्रोग्रॅमला सापडत नाहीत.

"मिसिंग कॅरसेट्स इन स्ट्रिंग टू फॉन्टसेट कन्व्हर्जन" असा इशारा येतो.

यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि संकेतप्रणालीचं सेटिंग) जुना प्रोग्रॅम एक फॉन्ट न मागता वेगवेगळ्या संकेतप्रणालींच्या फॉन्टांचा संच मागतो. त्यातले काही, बहुधा जपानी, कोरियन किंवा चिनी, तुमच्याकडे नाहीत एवढाच याचा अर्थ. खिडकी नीट दिसत असेल तर दुर्लक्ष करा. प्रोग्रॅम सुरूच होत नसेल तर त्याच्यापुरतं लोकेल बदला: कमांडच्या आधी "एलसी_ऑल=सी" लावा, सगळी अक्षरं मोठी. इंग्रजीपलीकडची अक्षरं मग दिसणार नाहीत, पण काम अडणार नाही.

अक्षरांच्या कडा खडबडीत का? आणि ४के पडद्यावर इतकी बारीक का?

कोअर फॉन्टमधला प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. मधली करडी छटा नाही. त्यावर इलाज नाही, टीटीएफ लावला तरी नाही. लहान आकारात टीटीएफपेक्षा हाताने घडवलेला बिटमॅप फॉन्टच जास्त वाचनीय असतो. म्हणून १२-१४ पिक्सेलसाठी "मिस्क" फोल्डरमधला "फिक्स्ड" वापरावा. १८ च्या पुढे टीटीएफ बरा.

बारीक अक्षरांचं कारण साधं आहे: डेस्कटॉपचं स्केलिंग कोअर फॉन्टांपर्यंत पोचत नाही. पिक्सेल स्वतः मोजा. पॉइंट गुणिले डीपीआय भागिले ७२. ९६ डीपीआयला १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल, १९२ ला ३२. एक्सएलएफडीच्या सातव्या रकान्यात हा आकडा द्या.

टीटीएफ लावल्यापासून प्रोग्रॅम उघडायला फार वेळ लागतो.

जुना प्रोग्रॅम फॉन्ट उघडताना त्यातल्या प्रत्येक अक्षराची मापं मागतो. हजारो चिनी अक्षरांचा फॉन्ट असेल तर सर्व्हर तेवढा वेळ घेणारच. नावाच्या शेवटी चौकटी कंसात हवा तो पट्टा द्या, म्हणजे तेवढीच अक्षरं भरली जातात:

…-आयएसओ१०६४६-१[३२_१२६ २३०४_२४३१]

यात इंग्रजी आणि देवनागरी एवढंच येतं. आकडे संकेतांक आहेत, मधली रेघ खालची.

उलटा प्रश्न: माझा जुना बिटमॅप किंवा टाइप १ फॉन्ट नव्या प्रोग्रॅममध्ये दिसेनासा झाला.

पॅंगो या जीटीकेसाठी मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या १.४४ आवृत्तीपासून (२०१९) जीटीकेच्या प्रोग्रॅमांत बीडीएफ, पीसीएफ आणि टाइप १ फॉन्ट चालत नाहीत. लिबरऑफिसने टाइप १ त्याआधीच, ५.३ मध्ये सोडला. सेटिंग शोधत बसू नका, रूपांतर करा. बिटमॅपसाठी "फॉन्टटूएसएफएनटी" आहे, तो ओटीबी फाइल बनवून देतो आणि डेबियनवर "एक्सफॉन्ट्स-यूटिल्स"मध्येच मिळतो. टाइप १ साठी फॉन्टफोर्जमध्ये उघडून ओटीएफ करा.

डेबियन-उबुंटूत एक आडकाठी आणखी असते: फॉन्टकॉन्फिगला बिटमॅप फॉन्ट वर्ज्य केलेले असतात. "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर फॉन्टकॉन्फिग-कॉन्फिग" चालवून त्यांना परवानगी द्या आणि मग "एफसी-कॅश -एफ". इथे ही कमांड खरोखर उपयोगी आहे.

फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रॅमचं काय?

फ्लॅटपॅक प्रोग्रॅमला बाकी सिस्टिमपासून अलग ठेवून चालवतो. अशा प्रोग्रॅमला बाहेरचे फॉन्ट /रन/होस्ट/फॉन्ट्स या पत्त्यावर दिसतात. कोअर फॉन्ट मात्र सर्व्हर देतो, त्यामुळे त्यांना फ्लॅटपॅकच्या भिंतीची अडचण नाही.

काहीतरी बिघडलं. सगळं पूर्ववत कसं करायचं?

एक्ससेट एफपी डीफॉल्ट

याने फॉन्ट पाथ सर्व्हर सुरू झाला तेव्हा होता तसा होतो. एकच फोल्डर काढायचं असेल तर "एक्ससेट -एफपी" आणि त्याचा पत्ता. तो "एक्ससेट क्यू"मध्ये जसा छापला आहे तसाच, शेवटी तिरपी रेघ असेल तर तिच्यासकट. फॉन्टचं फोल्डर डिस्कवरून पुसण्याआधी ते पाथमधून काढा, नाहीतर पुढच्या रीहॅशला सर्व्हर कुरकुर करेल.